बिजासनचा उतार आणि ब्रेकचा नट

शिरपूर तालुका सपाट आहे, असा आपल्या सर्वांचा समज. धुळ्याकडून येताना सावळद्याजवळ तापीचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना काळीभोर जमीन लागते. केळी, पपई, कापूस, मका. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, पण ती दूर. डोंगर तिकडे, आपण इकडे, असा सगळा हिशोब. नोकरीनिमित्त या भागात फिरू लागलो तेव्हा मीही हाच समज करून घेतला होता.

पण नद्यांकडे पाहा. अरुणावती काय, अनेर काय, आणि त्यांना येऊन मिळणारे नाले काय, सगळे सातपुड्यातून निघतात आणि खाली तापीकडे धावतात. म्हणजे अख्खा तालुका, सूप तिरपे धरावे तसा, उत्तरेकडून दक्षिणेकडे कललेला आहे. पायी चालणाऱ्याला हा उतार कळत नाही, बैलगाडीत बसलेल्यालाही फारसा नाही. फटफटीवाल्याला मात्र तो ठाऊक असतो. पळासनेरला जाताना जेवढे पेट्रोल लागते त्यापेक्षा तिकडून शिरपूरला येताना कमी लागते, हे इथल्या प्रत्येकाने ताडलेले आहे. पेट्रोल वाचले याचा आनंद होतो. पण चढावर जे कष्ट इंजिनाने घेतले, ते उतारावर गाडीचा कोणता भाग घेतो, हा विचार कोणी करत नाही. मीही केला नव्हता. गेल्या श्रावणात तो करावा लागला, त्याची ही हकीकत.

रविवार होता. सौ.च्या मनात बिजासनी मातेचे दर्शन बऱ्याच दिवसांपासून होते. महाराष्ट्राची हद्द संपते आणि सेंधव्याकडे जाणारा घाट लागतो, त्या घाटात हे देवीचे ठाणे आहे. खानदेशातल्या कित्येक घराण्यांची ही कुलदेवता. नवरात्रात तर इकडून पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. मुलाची नवी धाटणीची गाडी तो सकाळीच घेऊन गेलेला, म्हणून मी माझी जुनी मोटारसायकल काढली. गाडी १९९९ सालची. शंभर सीसीचे इंजिन, दोन्ही चाकांना ड्रमचे ब्रेक, एमएच-१८ चा जुना नंबर. पंधरा वर्षे झाली की परिवहन कार्यालयात गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा. ते सोपस्कार मी तीनदा केलेले. या गाडीवर मी बोंडअळीचे सापळे वाहिले, फवारणीचे पंप वाहिले, माती परीक्षणाच्या पिशव्या वाहिल्या. इंजिनाने कधी दगा दिला नाही, त्यामुळे माझा तिच्यावर आंधळा विश्वास.

करवंद नाका मागे टाकून आम्ही आग्रा रोडला लागलो. मुंबई-आग्रा रस्ता म्हणजे आपल्या भागाची मोठी शीर. इंग्रजी अमदानीपासून हा मार्ग वाहतो आहे, आता तो चौपदरी झाला आहे. पाऊस नुकताच उघडलेला. दहिवद, सांगवी, हाडाखेड अशी गावे मागे पडत गेली तशी काळी जमीन मुरमाड होऊ लागली, केळी संपली, कापूस आणि मका उरला, आणि सातपुडा निळ्याचा हिरवा झाला. मक्यावर लष्करी अळीने पोंग्यात केलेली भोके गाडीवरूनही दिसत होती. सौ. म्हणाली, "आज रविवार आहे. आज अळी नको." मग मी मान सरळ ठेवून गाडी चालवली.

घाट चढताना गाडीने जरा दम खाल्ला, पण चढली. दर्शन झाले. नारळ फोडला, पिशवीतल्या भाकरी आणि ठेचा झाडाखाली बसून खाल्ला, माकडांनी त्यातला वाटा मागितला तो दिला. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही परत निघालो.

आता मला एक कबुली द्यायची आहे. उतार लागला की गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडायची, ही माझी तीस वर्षांची सवय. प्रवासभत्ता तुटपुंजा होता त्या काळात ती लागली आणि पगार वाढला तरी सुटली नाही. गावोगावी हेच चालते. काही जण तर चावीही बंद करतात. त्यात शहाणपण आहे असेच आम्हाला वाटते.

घाटातल्या एका वळणाशी पुढच्या मालट्रकचा लाल दिवा पेटला. मी पाय दाबला. ब्रेक लागला, पण लागल्यासारखा वाटला नाही. पाय आणखी खाली गेला, पार फूटरेस्टच्याही खाली. मागून सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." वास मलाही आला होता, पण तो ट्रकचा असेल असे मी मनाला सांगत होतो. पुढचा ब्रेक आवळला तर तो किंचाळला, आणि गाडी होती त्याच चालीने ट्रककडे निघाली. घाईने गिअर टाकला, इंजिन गुरगुरले, गाडीला हिसका बसला आणि ती आवरली. ट्रकचा फळका दोन हातांवर होता. त्यावर काय लिहिले होते ते मला आजही आठवते, इतका तो जवळ होता.

पुढचा सगळा घाट मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेने उतरलो. सौ. एक शब्द बोलली नाही. ते जास्त जड गेले.

पळासनेरला थांबलो. चहा मागवला. ज्या गावात थांबलो ते गाव ब्रेकच्या बाबतीत काय भोगून बसले आहे, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर याच पळासनेरजवळ आवरेनासा झाला. त्याचे ब्रेक निकामी झाल्याचे पोलिसांनी सांगितले. वाटेतल्या मोटारसायकली, मोटार आणि दुसरे एक अवजड वाहन यांना धडका देत तो रस्त्याकाठच्या हॉटेलात, एसटीची वाट पाहणाऱ्या माणसांवर गेला. किमान दहा माणसे गेली, वीसहून अधिक जखमी झाली. ती माणसे काही धाडस करत नव्हती. उभी होती, बसली होती, चहा पीत होती. आमच्या हातात चहाचे पेले होते तेव्हा हेच मनात येत होते, आणि दोघांनीही ते बोलून दाखवले नाही.

ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आपल्या गाडीचे तार आणि सळईवर. पण काम दोघांचे एकच. धावणाऱ्या गाडीत जो जोर असतो तो कुठे नाहीसा होत नाही, ब्रेक त्याची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, म्हणून थांबायला लागणारे अंतरही जवळपास चौपट होते. सपाट रस्त्यावर एकदा ब्रेक दाबला की ड्रम तापतो आणि पुढे वाऱ्याने निवतो. घाटात तो निवायला सवडच मिळत नाही. तापत तापत अशी वेळ येते की ब्रेकचा शू ड्रमला घासतो, पण धरत नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर निम्मा भार इंजिन उचलते. न्यूट्रलवर सोडली की सगळा भार त्या दोन शूंवर. माझ्या गाडीचा ड्रम आतून १३० मिलिमीटरचा, म्हणजे वीतभरही नाही. त्यात मोडलेल्या बांगडीच्या दोन तुकड्यांसारखे दोन शू. त्यांच्या भरवशावर दोन माणसे, पिशवी आणि गाडी मिळून अडीचशे किलो वजन मी सातपुड्यावरून खाली सोडले होते.

चहावाल्याने रस्त्याकाठच्या एका मिस्तरीकडे बोट दाखवले. पत्र्याची टपरी, पुढे तेलाने काळी झालेली जमीन, एक लाकडी फळी. मिस्तरी पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. मी सांगू लागलो की जरा नट आवळून द्या, शिरपूरला गेलो की बघतो. त्याने खाली वाकून मागच्या ब्रेकची सळई पाहिली आणि मला हाक मारली. सळईच्या टोकाला जो नट असतो, जो आपण ब्रेक सैल झाला की दोन आटे फिरवतो, तो आट्यांच्या शेवटापर्यंत पोचला होता. पुढे फिरवायला जागाच नव्हती. मिस्तरी म्हणाला, "साहेब, बिरेक नटमा नही ऱ्हास, लायनरमा ऱ्हास."

अहिराणी न कळणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. ब्रेक नटात नसतो, लायनरमध्ये असतो, असे तो म्हणाला. या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

कारण नट आवळणे म्हणजे दुरुस्ती, असे मी वर्षानुवर्षे समजत होतो. ब्रेक सैल झाला, नट आवळला, पुन्हा घट्ट लागला, काम झाले. प्रत्यक्षात ब्रेक सैल झाला याचा अर्थ शूवरचे लायनर तेवढे झिजले. नट आवळून आपण फक्त झिजलेला शू ड्रमच्या जवळ सरकवतो. झीज तशीच राहते, उलट लपते. पायाला मात्र वाटते की ब्रेक नवा झाला. घरातल्या कोठीतले धान्य कमी होत असताना मापटे लहान करत जावे आणि कोठी भरलेली आहे असे समजावे, तसला हा प्रकार.

मिस्तरीने आणखी एक गोष्ट दाखवली, ती ऐकून मला घाम फुटला. मागच्या चाकाच्या ब्रेक प्लेटवर एक छोटा दांडा बाहेर असतो, सळई त्याला ओढते आणि आतला कॅम फिरतो. बऱ्याच गाड्यांना या दांड्याच्या मुळाशी एक बाण असतो आणि प्लेटवर एक खूण कोरलेली असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू संपले, असा कारखान्याने दिलेला इशारा तो. माझ्या गाडीचा बाण खुणेपर्यंत पोचत नव्हता. म्हणजे शू चांगले? नाही. आधीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत कोणीतरी दांडा काढून एक दात मागे बसवला होता. नट संपला की आणखी थोडी जागा मिळावी म्हणून ही युक्ती करतात. जागा मिळते, आणि इशारा देणारा बाण कायमचा खोटे बोलू लागतो. अशा गाडीचा ब्रेक आणखी झिजला तर आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरून उलटतो आणि चाक धावता धावता जाम होऊ शकते. ही युक्ती कोणी केली ते मला आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर ती माझ्यासमोरच झाली असणार. मी तेव्हा कोणाशी तरी खताबद्दल बोलत उभा असेन.

मग त्याने चाक खोलले. गाडी मधल्या स्टँडवर. आधी नट काढून सळई मोकळी केली. नंतर ब्रेक प्लेटला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवणारी लोखंडी पट्टी असते, तिचा नट आणि त्यातली पिन काढली. शेवटी एक्सलचा नट सोडवून एक्सल ठोकून बाहेर घेतला. चाक हातात आल्यावर प्लेट उचलली आणि ड्रममधून काळी भुकटी सांडली. मिस्तरी सवयीने फुंकर मारणार एवढ्यात मी हात आडवा केला. या बाबतीत मला त्याच्यापेक्षा थोडे अधिक ठाऊक होते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. त्याची बारीक कुसळे श्वासातून फुप्फुसात गेली की तिथेच रुतून बसतात, आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. तुमच्या गाडीतले लायनर कसले आहे ते नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून ती भुकटी फुंकायची नाही, हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडके फेकून द्यायचे. गॅरेजमध्ये आपली पोरे कौतुकाने चाकाशी बसतात, त्यांना त्या वेळी लांब बसवा.

शू पाहिले. नव्या शूवर सुमारे चार मिलिमीटर जाडीचे लायनर असते. दोन मिलिमीटरच्या खाली गेले की ते बदलायचे. माझ्या शूवर एका टोकाला नखाएवढी जाडी आणि दुसऱ्या टोकाला जवळपास धातूच. शिवाय उरलेला भाग आरशासारखा चकचकीत, तापून कडक झालेला. अशा चकचकीत लायनरला धरच नसतो. "बठ्ठा सरी गया," मिस्तरी म्हणाला. सगळे संपले.

नवा जोड त्याच्याकडे होता. पाकीट बंद होते, कंपनीचे नाव आणि शिक्का पाहून घेतला. नकली शू दिसायला हुबेहूब असतात, त्यांचे लायनर लवकर सुटते. पैसे किती पडले म्हणाल, तर युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, जवळपास तेवढेच.

बसवताना त्याने जे केले ते मी बारकाईने पाहिले, कारण ही कामे घरीही करता येतात, आणि आपल्याकडची बरीच तरुण मुले ती करतातही. ड्रम आतून पुसून बारीक पॉलिश पेपरने घासला. ड्रमला बोटाने लागतील एवढ्या चरी किंवा काठाला धार आलेली असेल तर नुसते शू बदलून भागत नाही. ड्रमचा आतला व्यास किती वाढेपर्यंत चालतो, तो आकडाही बऱ्याच गाड्यांच्या ड्रमवर कोरलेला असतो. कॅम बाहेर काढून गंज साफ केला आणि त्याच्या दांडीला बोटाच्या टोकावर मावेल इतकेच ग्रीस लावले. इतकेच, कारण ग्रीस वितळून लायनरवर गेले की नवा शूही फुकट. दोन्ही शू स्प्रिंगांसकट उघड्या पुस्तकासारखे तिरपे धरून प्लेटवर बसवले आणि दाबून सपाट केले. स्प्रिंगा ताणल्या गेल्या होत्या, त्याही बदलल्या. दांडा योग्य खुणेवर परत आणला. चाक चढवल्यावर एक्सलचा नट पुरता आवळण्याआधी त्याने मला ब्रेकचा पाय दाबून धरायला सांगितला. त्यामुळे दोन्ही शू ड्रममध्ये बरोबर मधोमध बसतात, मग नट आवळायचा.

आणि ती लोखंडी पट्टी. ही गोष्ट ठळक सांगायला हवी. प्लेटला सांगाड्याशी बांधणारी ती पट्टी आणि तिची पिन परत बसवायला विसरले, तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, सळई गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी अडकते. घरी काम करणाऱ्याने शेवटी हात पुसायच्या आधी ती पट्टी, तिचा नट आणि पिन डोळ्यांनी पाहावी. जमिनीवर एखादी पिन उरलेली असेल तर गाडी हलवू नये.

शेवटी पायाची ढिलाई. पाय दाबायला सुरुवात केल्यापासून शू ड्रमला टेकेपर्यंत दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल हवी. पुढच्या हँडलला एक ते दोन. अगदी ताठ ठेवला तर शू सतत घासतो, ड्रम तापतो आणि गाडी पेट्रोल जास्त खाते. चाक हाताने फिरवून मोकळे फिरते की नाही ते पाहायचे. पुढच्या चाकाचेही त्याने याच पद्धतीने केले. ते शू बरे होते, पण आत चिखलाची पेस्ट झालेली.

हा चिखल आपल्याकडचा खास. सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी २००४ च्या सुमारास आपल्या तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून, दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधून पाणी अडवण्याचे काम सुरू केले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजले. विहिरींना पाणी आले, बागायत वाढली, त्याबद्दल दुमत नाही. पण नाल्यांत पाणी जास्त दिवस थांबले, की शेतरस्त्यावरच्या फरश्याही जास्त दिवस ओल्या राहतात. गाडी पाण्यातून काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढचे काही क्षण ब्रेक जवळजवळ नसतो. पाण्यातून बाहेर आल्यावर गाडी हळू ठेवून ब्रेक हलकासा दाबून धरत थोडे अंतर जावे, म्हणजे लायनर वाळते. गाडी धुतल्यावरही तेच. काळ्या मातीचा गारा मडगार्डमध्ये भरतो तो सगळ्यांना दिसतो, ड्रममध्ये शिरलेला कोणाला दिसत नाही. पावसाळा संपला की एकदा चाके खोलून आतून पुसावीत, असे माझे मत झाले आहे.

सौ. एवढा वेळ चहावाल्याच्या बाकावर बसून होती. तिने मिस्तरीला विचारले, "भाऊ, तो पुढे गोल तबकडीवाला ब्रेक असतो, त्याचे पण असेच असते का?" मुलाची गाडी तिच्या डोक्यात होती. मिस्तरी म्हणाला, वहिनी, त्याचे सोपे आणि अवघडही.

घरी आल्यावर मी मुलाची गाडी पाहिली. तिला पुढे डिस्क आहे. डिस्कच्या दोन्ही बाजूंना चिमट्यासारखे कॅलिपर असते आणि त्यात दोन पॅड. इथे झीज लपत नाही. बॅटरीचा उजेड पाडून चिमट्यात डोकावले की पॅडची जाडी दिसते, बऱ्याच पॅडवर मधोमध चर असते, ती पुसली गेली की पॅड संपला. दीड-दोन मिलिमीटर उरले की वाट पाहू नये. धातूच धातूवर घासू लागला की करकर आवाज येतो आणि मग डिस्कही जाते, तिची किंमत पॅडच्या कितीतरी पट. पण या ब्रेकचाही एक ‘नट’ आहे. हँडलवर ब्रेक ऑइलची छोटी कुपी असते. पॅड झिजत जातात तसा आतला पिस्टन बाहेर सरकतो आणि कुपीतले ऑइल खाली उतरते. ऑइल कमी दिसले की बरेच जण वरून ओततात आणि निश्चिंत होतात. ओतण्याआधी पॅड पाहायचा. नाहीतर पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला की जादा ऑइल उसळून टाकीवर येते आणि रंग खाते. कुपीच्या झाकणावर जो प्रकार लिहिलेला असतो, डॉट-३ किंवा डॉट-४, तेच बंद डब्यातले घालावे. इंजिनचे तेल चुकूनही नाही, त्याने आतली रबरे फुगतात. हे ऑइल हवेतला दमटपणा शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे.

पॅड बदलल्यावर एक चूक घातक ठरते. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा हँडल दाबले की ते पोकळ जाते, ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी जागेवरच हँडल आठ-दहा वेळा दाबून घट्ट होईपर्यंत थांबायचे. मुलाच्या गाडीचे पॅड अर्धे शिल्लक होते. डिस्कला बोट लावू नका असे तोच मला सांगत होता, बोटाचे तेल लागते म्हणून. पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

पळासनेरहून आम्ही निघालो तेव्हा पाच वाजले होते. मिस्तरीने बजावले होते की नवे शू आहेत, शंभरेक किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, हलके हलके दाबत ड्रमशी त्यांची ओळख होऊ द्या. मी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चाललो. चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, एवढे पुरे. वाटेत न्यूट्रल केले नाही. दोन-तीनदा डावा पाय सवयीने हलला, तेव्हा सौ.ने मागून खांद्यावर बोट टेकवले.

वाटेत ज्या गाड्या दिसल्या त्यांच्याकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहत होतो. एका गाडीवर दुधाच्या दोन किटल्या. एकीवर नवरा-बायको, पुढे टाकीवर एक पोर, मध्ये एक पोर. एकीवर मागे खताच्या दोन गोण्या आडव्या, म्हणजे नव्वद किलो, एक धडधाकट माणूस अधिक बसल्यासारखे. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना, १२५ सीसीपर्यंत एकाच वेळी दोन्ही चाकांवर जोर वाटणारे ब्रेक आणि त्याहून मोठ्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस व्यवस्था सक्तीची झाली. चांगले झाले. पण बांधावर धावणाऱ्या निम्म्या गाड्या त्याआधीच्या. आणि आपल्याकडे पुढच्या ब्रेकची तर भीतीच आहे, पुढचा दाबला की माणूस पडतो म्हणतात. गाडी थांबताना सगळे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. वळणावर, खडीवर, ओल्या मातीवर तो जपून वापरावा हे खरे. सरळ कोरड्या रस्त्यावर दोन्ही एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबावेत. नुसता मागचा दाबत राहिले की मागचे शू माझ्यासारखे होतात.

ते झिजलेले शू मी मिस्तरीकडून मागून आणले. सौ.ने ते घरात ठेवू दिले नाहीत, म्हणून कार्यालयात माझ्या टेबलावर कीटकांच्या नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी ठेवले आहेत. बियाण्याच्या परवान्याला, विम्याच्या अर्जाला लोक येतात, हातात घेऊन विचारतात, हे काय. मी सांगतो. परवा बोराडीकडचा एक शेतकरी आला होता, त्याने शू उलटेपालटे केले, काही बोलला नाही. अर्ज टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, जरा बाहेर या." झाडाखाली त्याची गाडी उभी होती, मागे दोन रिकाम्या किटल्या. तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि मला सळई दाखवली. नट टोकाला होता.